मत टाकायला येष्टीनंच येतो

आये, पाया पडतो.

मी बरा हाय. डबल पाळी चालू हाय, मशिनीपाशी उभ्याउभ्या डोळा लागतोय, पण जेवतोय येळंवर.

रविवारी ग्रामपंचायतीचं मतदान. माजं नाव गावच्याच यादीत हाय, मोबाईलवर बघितलं.

तुज्याइरुद्ध उभं ऱ्हायलेल्या लालातात्यांनी आमाला न्यायला चाकणला जीप धाडली, वर वाटंत मटण. मी पोरांना म्हणलं, "मटण तात्यांचं खायाचं आन मत आयला टाकायचं." लय हसली. पर रूमवरचा साईराज म्हणला, "न्हाई रं गड्या. ज्याचं मीठ खाल्लं, त्याच्याइरुद्ध बटणावर माजं बोट जायाचं न्हाई."

जीप मोकळीच परत धाडली. आमी सातजण येष्टीनं येतोय, जागा मिळाली तर बसून.

तुज्या पायाची सूज उतरली का? लय दारं फिरू नगंस. बारक्या पूजीला सांग, निकाल कसाबी लागू दे, रडायचं न्हाई. तुलाबी त्येच सांगतोय.

आन आल्याआल्या ताट वाढू नगंस. भाकरीसाठी पोरांनी मत टाकलं, असं कुणी म्हणाय नगं. भूक लागंल, पर आदी मत टाकतो, मग जेवतो.

तुजा जयराज