संतोषच्या नावावरचा अनुस्वार

अहो,

मी समोर संतोषकडे आहे. काल अतिरेक्यांनी ज्या बसवर गोळ्या झाडल्या, तिच्यात तिचे बलराजजी होते. जेवण झाकून ठेवलंय. कर्फ्यू लागला तर रात्री इथेच राहीन.

त्यांच्या पंचकुल्याच्या नव्या घराची पाटी अर्धी कापून झाली आहे. सकाळपासून संतोष एवढंच बोलली, "दीदी, नेमप्लेट दोनों की ही बनाना." बलराज कापून झालंय, संतोष राहिलंय. ते तुम्ही कापा. आज मी करवत धरली, तर हातात काही धरलंय असंच वाटेना.

पातं बारीक दातांचं लावा, जाड दातांनी प्लायची कड फुटते. दात मुठीकडे वळलेले ठेवा, म्हणजे ओढताना कापेल. तुम्ही ढकलता, पातं मोडता आणि मग दुकानदाराला नावं ठेवता. वळणावर जोर नको. करवत एकाच जागी चालू ठेवून प्लाय हळूहळू फिरवा.

सगळी अक्षरं वरच्या रेघेला धरून राहतील. फक्त 'सं'वरचा अनुस्वार सुटा निघेल. भुशात पडला तर केर काढायच्या आधी शोधून ठेवा. तो मी आल्यावर चिकटवीन.

विनया