खेळात न सापडलेला कागद

मी, हिसानोरी कुवाबारा, वय ७९, निवृत्त वकील, राहणार ओनोमिची, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला गुडघे लागत नाहीत. साक्षीदारही लागत नाहीत. ते मला हवे आहेत.

कलम १. घर आणि बँकेतली शिल्लक मुलगी चिगुसा हिला. जावयाने अंगणातलं पर्सिमनचं झाड तोडू नये. त्याचा डोळा आहे त्यावर, मी बघितलंय.

कलम २. शोगीचा, म्हणजे आमच्या बुद्धिबळाचा, पट वकील निट्टा यांच्याकडे एकोणीस वर्षं पडून आहे. तो त्यांनाच ठेवू द्यावा. मी माफ केलेलं नाही, एवढं मात्र कळवावं.

कलम ३. न्यायालयाचा व्हिडिओ गेम बनवणाऱ्या कंपनीने मला सल्लागार नेमलं होतं. त्या खेळाचा संच आणि मी सुचवलेल्या २१४ दुरुस्त्या खेळाच्या लेखिका मिझुहो आरिगा यांना परत. त्यांनी एकच मानली, न्यायाधीशांच्या झग्याचा रंग. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "सर, अठ्ठावीस वर्षांत निर्दोष किती सोडवलेत?"

"एकही नाही."

"मग खेळणाऱ्याला काय शिकवू?"

"माफी कशी मागायची ते शिकवा. शिक्षा कमी होते."

तरी अवघड खटला हवा म्हणून मी माझाच एक नावं बदलून दिला. बाराजण आठवडाभर खेळले, कुणीच जिंकलं नाही. आरिगाबाई वैतागल्या. "अवघड चालेल, सर. पण ज्याला उत्तरच नाही तो खेळ नव्हे, छळ आहे. माणूस निर्दोष आहे असं तुम्हीच म्हणता, मग ते दाखवणारा कागद कुठेतरी असणारच. वकिलाच्या टेबलात ठेवू का?"

मी म्हणालो, तिथे काही नसतं. त्यांनी तो खटला गाळला.

हा खेळ कितपत खरा, असं लोक विचारतात. त्यातला वकिलांचा आरडाओरडा खोटा आहे. पण कागद सापडेपर्यंत तो पुढे जाऊ देत नाही. आमचं न्यायालय जाऊ देत असे.

कलम ४. माझ्या टेबलाच्या खालच्या खणातली निळी वही सुए हामाओका यांना. गोदामाला आग लागून रखवालदार मेला, त्या खटल्यात त्यांचा भाऊ तोकुजी माझा अशील होता. तेवीस दिवस कोठडी. आमच्याकडे कबुलीजबाब सरकारी वकीलच लिहितो, आरोपीच्या तोंडी 'मी', 'मी' घालून. आरोपीने खाली अंगठा उमटवायचा. नवव्या दिवशी तोकुजी काचेपलीकडून म्हणाला, "वकीलसाहेब, कबूल करतो. पण आग कुठून लागली ते तरी सांगा. माझं रोज चुकतंय, ते ओरडतात."

अग्निशमन दलातल्या ओळखीच्या माणसाकडून मला कळलं होतं: माळ्यावरच्या दोरखंडांखालून. मी ते त्याला सांगितलं. जबाब नीट जुळला तर पश्चात्ताप खरा वाटेल, चार-पाच वर्षांत सुटेल, असा माझा हिशेब. न्यायाधीशांनी नेमकं तेच वाक्य उचललं: ही गोष्ट आग लावणाऱ्यालाच ठाऊक असू शकते. चौदा वर्षं. त्याने ती भोगली. सुएबाईंनी दोनदा फेरखटला मागितला, दोनदा त्याच वाक्यावर अर्ज फेटाळला गेला.

वहीत त्या दिवसाची नोंद आहे, त्याचा प्रश्न आणि माझं उत्तर. ती दिली असती तर माझी सनद गेली असती. म्हणून दिली नाही. दुसरं कारण नाही. लाज वाटते.

वही माझ्या मृत्यूनंतर द्यावी.

इथवर लिहून कागद साक्षीसाठी माझ्या जुन्या कारकून फुमिए ओगुशी यांच्यासमोर ठेवला. त्यांनी चष्मा लावून सगळा वाचला.

"साहेब, तोकुजी आता किती वर्षांचे?"

"सत्याहत्तर."

"आणि तुम्ही नव्वदीपर्यंत जगलात तर?"

"तशी शक्यता कमी आहे."

"म्हणजे त्यांनी आता तुमच्या मरणाची वाट बघायची?"

मी कागद परत ओढून घेतला. दुसरे साक्षीदार म्हणून आलेल्या शेजारच्या इसोबेंनी चहाचा पेला खाली ठेवला आणि शिक्क्याची डबी माझ्यापुढे सरकवली.

दुरुस्ती: कलम ४ पूर्ण खोडलं आहे, बाजूला नियमाप्रमाणे शिक्का मारला आहे. वही पिशवीत घातली आहे. दुपारच्या गाडीने मी सुएबाईंकडे जातो आहे; सुटल्यापासून तोकुजी त्यांच्याकडेच राहतो. दार उघडलं तर ते पान मीच वाचून दाखवीन, भावासमोर. नाही उघडलं तर बाहेर बसून राहीन.

सही व शिक्का: हिसानोरी कुवाबारा
साक्षीदार: फुमिए ओगुशी, कान्जी इसोबे
ओनोमिची, १४ नोव्हेंबर २०२३, सकाळी