गच्चीवरचा शनी

३ नोव्हेंबर
दुर्बीण आली. आरसा साडेचार इंची. घरात सगळ्यांना, म्हणजे बायकोला, बजावलं की हा खेळ नाही, शास्त्र आहे. ती म्हणाली, शाळेत असल्यापासून शनीची कडी बघायची इच्छा आहे. इतक्या वर्षांत बोलली नाही कधी. बोललीही असेल. शब्द दिला: याच आठवड्यात.
संकल्प: रोज निरीक्षण. वर्षाच्या आत एक धूमकेतू. धूमकेतूला शोधणाऱ्याचं नाव देतात. ऑफिसात मला डावलून ज्याला साहेब केलं, त्याला ते पेपरात वाचावं लागेल.

४ नोव्हेंबर
जोडणी पूर्ण. दोन स्क्रू उरले. हल्ली कंपन्या जादा देतात. पुस्तिका उघडली नाही. ती नवशिक्यांसाठी असते.

६ नोव्हेंबर, संध्याकाळ
गच्चीवर गेलो. वरच्या छोट्या, नेम धरायच्या नळीत, म्हणजे फाइंडरमध्ये तारा बरोबर मधोमध, मोठ्या नळीत काळोख. बायको म्हणाली, दोन्ही एकाच दिशेला बघतायत का? दिवसा लांबच्या टॉवरवर लावून जुळवून घ्यायचं, असं पुस्तिकेत लिहिलंय. म्हणजे तिने पुस्तिका वाचली. मला न विचारता. म्हणालो, दिवसा तारे नसतात. ती उठून पोळ्या करायला गेली. पटलं असावं.

९ नोव्हेंबर
ढग. साहेबाने विचारलं, काय दिसलं दुर्बिणीतून? म्हणालो, निष्कर्ष काढायचं काम चालू आहे.

१२ नोव्हेंबर
आज शनी सापडला. फाइंडर कसा कोण जाणे, आपोआप जुळला होता. बायको दुपारी गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली होती, तेव्हा धक्का लागला असेल. कडी इतकी रेखीव की कोणी चिकटवल्यासारखी. मी डोळा काढलाच नाही.
बायको मागे शाल पांघरून उभी होती. म्हणाली, मला बघू द्या ना. म्हणालो, थांब, आधी मोठा करतो. आयपीस, म्हणजे डोळ्याजवळचं भिंग, बदलताना स्टँडला कोपर लागलं. शनी गेला. पुन्हा शोधेपर्यंत तो समोरच्या इमारतीआड. तोवर ती थंडीत उभीच होती. मग खाली गेली.
जेवताना तिला कडीचं सविस्तर वर्णन ऐकवलं. ऐकणाऱ्याला दुर्बिणीची गरजच पडू नये असं. ती अर्ध्यातून उठली.

१३ नोव्हेंबर
सगळं पुसट. आरशावर धूळ आहे. संकल्प: सुट्टीच्या दिवशी संपूर्ण देखभाल. बायको म्हणते, थोड्या धुळीने काही बिघडत नाही, आरशाला हात लावू नका, असं पुस्तिकेत ठळक अक्षरांत छापलंय. कंपनीला काय, आळशी गिऱ्हाइकंच हवी असतात.

१६ नोव्हेंबर
आरसा काढला. काचेचा स्प्रे मारून जुन्या बनियनने घासला. घासण्यात मी कमी पडत नाही. काही ठिकाणी चकाकी निघून नुसती काच उरली. तो वरचा मळच असणार.

१८ नोव्हेंबर
बायकोला मुद्दाम बोलावून शनी दाखवला. तिने बराच वेळ पाहिलं. म्हणाली, हा नुसता कापसाचा बोळा दिसतोय, कडी कुठंय? समजावलं की डोळा तयार व्हावा लागतो. ती म्हणाली, त्या दिवशी तुम्ही जरा बाजूला झाला असतात तर. वाक्यं अर्धवट सोडायची तिची सवय आहे.
मग मी स्पष्टच सांगितलं की सारखं टोकल्यामुळे उपकरण बिघडलं. जुने विषयही निघाले. बहुतेक तिच्या चुकांचे. आणखी कोणाच्या आठवत नव्हत्या.

२० नोव्हेंबर
बायको बहिणीकडे गेली. चार दिवस म्हणाली. बॅग मात्र मोठी नेली. तिला आटोपशीर सामान भरणं कधी जमलं नाही. एकाग्रतेसाठी बरंच झालं.

२६ नोव्हेंबर
रोज कोण जिने चढवणार, म्हणून दुर्बीण गच्चीवरच ठेवली होती. दवाने आतून ओली. पुस्तिका शोधली. सापडत नाही. ती कुठे ठेवलीय हे बायकोला माहीत. फोन केला नाही. तिला विचार करायला वेळ हवा.

४ डिसेंबर
तिचाच फोन आला. साडूंनी छोटी दुर्बीण आणली, तिची जुळवाजुळव हिने केली. बिल्डिंगमधल्या सगळ्यांना शनी दाखवला, मग स्वतः पोटभर पाहिला. "कडी खरंच दिसते हो," म्हणाली. हा आवाज मी फार वर्षांनी ऐकला. विचारलं, आरसा किती इंची? मग म्हणाली, बहिणीच्या घराजवळ एक खोली बघितलीय, परवा साडू टेम्पो घेऊन येतील, माझं कपाट द्या. विचारलं, कोणती खोली? म्हणाली, गच्ची असलेली.

६ डिसेंबर
साडू आले. कपाट उतरवायला मी एका बाजूने हात लावला. त्यांनी विचारलं, तिला काही निरोप? म्हणालो, विचार करून कळवतो. ते टेम्पोत जाऊन बसले.
खिडकीत उभा राहिलो. टेम्पो वळेपर्यंत कपाट दिसत होतं. साध्या डोळ्यांनीही अगदी स्पष्ट.