चार अंश पूर्वेला

३ ऑक्टोबर
पोचले! पेटीचं कुलूप वाटेत मोडलं, पण आईने बांधून दिलेली सुकी अंजिरं शाबूत आहेत. होकायंत्रांची ही कचेरी धक्क्याच्या पूर्वेला, अगदी पाण्यालगत आहे आणि तिच्याच माडीवर माझी खोली. खिडकीतून बंदराचं तोंड दिसतं. माझे वरिष्ठ बार्बा शिमे. इथे म्हाताऱ्या दर्यावर्दींना सगळे बार्बाच म्हणतात. माझं अक्षर पाहून ते म्हणाले, "पोरी, इतकं स्वच्छ लिहिलंस तर आम्ही चुका लपवायच्या कुठे?" मी हसले खरी, पण रात्रभर तेच घोळत राहिलं. आमच्या घरात लिहायला शिकलेली मी पहिली. माझी चूक ती साऱ्या घराची चूक, असं मला सारखं वाटत राहतं.

५ ऑक्टोबर
काम समजलं. लोखंडी जहाज होकायंत्राला फसवतं. बांधताना ज्या दिशेला तोंड करून त्याला ठोकलं, ती दिशा लोखंड जन्मभर विसरत नाही, असं बार्बा सांगतात. म्हणून जहाज एकेका दिशेला वळवायचं, काटा किती चुकतो ते पाहायचं आणि तक्त्यात मांडायचं. कप्तान तो तक्ता पाहूनच सुकाणू धरतो.
पलीकडच्या किनाऱ्याशी लढाई जुंपल्यापासून सामुद्रधुनी आमच्या हातात आहे ती एकट्या 'स्वेता बार्बारा' या लोखंडी जहाजामुळे. तिच्या चिलखतावरून तोफेचे गोळे वाटाण्यांसारखे उडतात. लाकडी जहाजं तिच्या मागे कोंबडीच्या पिलांसारखी लपतात. माझा धाकटा भाऊ विच्को तिच्यावरच भट्टीत कोळसा टाकतो.

७ ऑक्टोबर
आज 'स्वेता बार्बारा' एकेका दिशेला फिरवली. चढण्याआधी प्रत्येकाने अंगावरचं लोखंड धक्क्यावरच्या टोपलीत टाकायचं, असा रिवाज आहे. चाकू, किल्ल्या, पट्ट्याची बकलं. मीही केसांतल्या पिना मोजून टाकल्या. बार्बांना आता बारीक रेघा दिसत नाहीत, तेव्हा होकायंत्रावर वाकून बत्तीसही दिशांचे आकडे मीच वाचले. विच्को कोळशाने माखलेला वर आला आणि सगळ्यांदेखत ओरडला, "आली आमची पंडितीण! आता देवालासुद्धा हिला विचारूनच वारा सोडावा लागणार!" मी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. हात काळा झाला.
संध्याकाळी बार्बांच्या सहीचा तक्ता घेऊन जहाज गेलं. मी फार खूश आहे.

९ ऑक्टोबर
सकाळी अंग धुताना गळ्यातला क्रूस हाताला लागला.
आजोबांच्या होडीच्या खिळ्यांचा आहे तो. आमच्या गावची बाई पाण्यावर जाताना असा क्रूस कधीच काढत नाही. आईने घातला, तेव्हापासून तो अंगाचाच भाग झाला. तो लोखंडाचा आहे हे मला टोपलीपाशी आठवलंच नाही.
खाली जाऊन होकायंत्रावर तशीच वाकले. काटा हलला. चार अंश. तीनदा पाहिलं. चारच. म्हणजे तक्त्यातले सगळे आकडे चुकलेले.
उद्या दुपारी टपालाचं गलबत जहाजाकडे जाणार आहे. सकाळीच बार्बांना सांगते.

१० ऑक्टोबर
सांगायला गेले, तर बार्बा शेजारणीला म्हणत होते, "माझे डोळे गेले म्हणतेस? हे बघ आले की चालत!" आणि माझ्याकडे बोट. शेजारीण कौतुकाने हसली. मी चुलीवरचा मक्याच्या पिठाचा पोलेंटा ढवळत राहिले.
गलबत गेलं.

११ ऑक्टोबर
धुकं. समोरचा धक्का दिसत नाही.

१३ ऑक्टोबर
दीपगृहाच्या माणसाने बातमी आणली. 'स्वेता बार्बारा' सामुद्रधुनीतल्या व्रान खडकावर आदळली. लाकडी असती तर फळ्या धरून माणसं तरंगली असती. ही लोखंडी कढईसारखी बुडाली. कोणी वाचलं नाही. विच्को—
दुपारी शिपाई बार्बांना किल्ल्यावर घेऊन गेले. तक्त्यावर सही त्यांची. जाताना हळूच म्हणाले, "घाबरू नकोस पोरी, तुझं नाव मी काढलेलं नाही." त्यांना माहीत होतं का? मी दारात उभी राहिले.

१४ ऑक्टोबर
कचेरीतला काटा उत्तर दाखवत नाही. व्रान खडकाकडे वळलाय. मला वाटलं, क्रूसामुळे. मी तो समुद्रात फेकला. काटा तसाच.

१५ ऑक्टोबर
धक्क्याच्या टोकाला दुसरं होकायंत्र आहे. त्याचीही दिशा घेतली. दोन्ही रेघा नकाशावर जिथे छेदतात तिथे टिंब दिलं. सकाळी खडकावर. दुपारी खडकाच्या अलीकडे. संध्याकाळी आणखी तीन मैल अलीकडे.
तिथे एकही शीड नाही. धूरही नाही.

१६ ऑक्टोबर
सगळं कबूल करायला किल्ल्यावर गेले. पहारेकऱ्याने विचारलं, काय काम आहे? मी म्हटलं, बार्बांसाठी अंजिरं आणलीत. पुरचुंडी देऊन परत आले.
टिंबं एका सरळ रेघेत येताहेत. पट्टी लावून रेघ पुढे ओढली. ते बुडालेलं जहाज बंदराकडेच निघालंय, पण सुकाणू माझ्या तक्त्याने धरलंय. बंदराच्या तोंडात ते शिरणार नाही. चार अंश पूर्वेला येईल.
चार अंश पूर्वेला ही कचेरी आहे.

१७ ऑक्टोबर, सकाळ
पुन्हा धुकं. पाण्याखाली काहीतरी खरवडत येतंय. वारा नाही. कोळशाच्या धुराचा वास.
टेबलावरच्या पिना एकेक करून खिडकीकडे सरकल्या. किल्लीही. दाराची कडी आपोआप—
पळून गेले असते. पण बार्बा किल्ल्यात आहेत, आणि हे लिहिल्याशिवाय—
तक्ता चुकला तो माझ्यामुळे. बार्बा शिमेंचा दोष नाही. माझ्या गळ्यात लोखंड होतं. नऊ तारखेला मला कळलं होतं. दहाला गलबत होतं. मी दिंका, मी गप्प—
काटा गरागरा फिरून थांबला. माझ्याकडे. कोपऱ्यात गेले, तिकडेही माझ्याकडे—
भिंत थरथरतेय. खिडकीबाहेर काळं काही, ओलं, उंच—
विच्को, तुला बरोबर आकडे देते, ऐक, उत्तरेला दोन नाही सहा, ईशान्येला—
टाकाचं निब खिडकीकडे ओढलं जातंय, हातात धरवत नाही, ईशान्येला न