तीन सरकारे आणि एक गोळी

रविवार, ४ फेब्रुवारी
आज एका अभ्यासास प्रारंभ केला. परमेश्वर तो तडीस नेवो.

केमोथेरपी संपून वर्ष झाले, तरी माझी पत्नी ब्राइना हिच्या तळपायांची आग गेलेली नाही. पाय चादरीबाहेर काढून ती पडून राहते आणि माझ्यासाठी झोपल्याचे सोंग करते. परवा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गांज्याच्या चघळायच्या गोळ्या मिळतात. झोपताना अर्धी घेऊन बघा. आपल्या मिशिगनमध्ये आता कायदेशीर आहे." ब्राइना पर्स उचलून उभीच राहिली. मी तिला बसविले. काय कायदेशीर आहे हे डॉक्टरांनी ठरवायचे नसते. मी आयुष्यभर मुलांना ज्यू धर्मशास्त्र शिकविले. एका ओळीवरची सर्व भाष्ये पाहिल्यावाचून पान उलटले नाही. हा कायदा मला आठवड्याभरात समजेल. तोवर गोळी नाही.

मंगळवार, ६ फेब्रुवारी
वाचनालयात गेलो. राज्याचा कायदा म्हणतो: सज्ञान माणसाने बाळगावी, घरी बसून खावी. आमच्या शहराचा म्हणतो: आमच्या हद्दीत दुकान नको. मात्र मोठ्या रस्त्यापलीकडे दुसरे शहर लागते आणि तिथे दुकान आहे. त्याची हिरवी पाटी आमच्या खिडकीतून दिसते. केंद्राचा म्हणतो: मुळात गुन्हाच.

एकाच वस्तूविषयी तीन मते. सामान्य मनुष्य येथे हतबल होईल. मला तर तरुण झाल्यासारखे वाटले. परस्परविरोधी वचनांचा समन्वय हेच आमचे पिढीजात काम. आमच्या पूर्वाचार्यांनी सांगून ठेवले आहे की ज्या राज्यात वास्तव्य असेल त्याचा कायदा बंधनकारक. तेव्हा प्रश्न इतकाच उरतो की मी कोणत्या राज्यात राहतो.

हे ब्राइनाला समजावून सांगितले. ती म्हणाली, "तू तिसऱ्या मजल्यावर राहतोस, झेलिग. माझे पायपण तिथंच राहतात."

रविवार, ११ फेब्रुवारी
आठवडा संपला. विषय अपेक्षेपेक्षा खोल निघाला, ही समाधानाची बाब.

नवा मुद्दा सापडला: गोळीतले जिलेटिन डुकराचे असले तर ती कोशेर नव्हे, म्हणजे आम्हास वर्ज्य. आमच्या प्रार्थनामंदिरातील तरुण धर्मगुरू रब्बी हालपर्न यांना फोन केला. ते म्हणाले, "झेलिग, बाईंना दुखतंय ना? मग द्या की! कोशेर गोळ्यापण मिळतात, मी बघितल्यात." कुठे बघितल्या, हे विचारण्याचे धैर्य झाले नाही. इतक्या झटपट निर्णय देणाऱ्या पिढीच्या हाती धर्म आहे.

गुरुवार, १५ फेब्रुवारी
शेजारच्या राइसाबाई आल्या. सोव्हिएत काळातल्या ओडेसाच्या, कट्टर नास्तिक, पत्त्यांत लबाडी करतात. दारातूनच म्हणाल्या, "काय प्राध्यापक, कायदे अजून तीनच का? की पिल्लं झाली?" मी सौम्यपणे म्हटले की नियमांविषयी अशी चेष्टा शोभत नाही. त्यावर म्हणाल्या, "आमच्याकडे सगळंच बेकायदेशीर होतं. माणसं मस्त झोपायची."

जाताना ब्राइनाला बटणांचा डबा देऊन गेल्या. शिवणकामात मन रमेल तर उत्तमच. मीही आजपासून रोज सायंकाळी तिच्या पायथ्याशी बसून स्तोत्रे म्हणणार आहे.

शनिवार, १७ फेब्रुवारी, आकाशात तीन तारे दिसल्यावर
शब्बाथच्या विश्रांतिदिनी लेखन वर्ज्य म्हणून तो संपल्यावर आता लिहितो. काल मी स्तोत्रे म्हणत असता ब्राइना झोपी गेली. सोंग नव्हे. घोरत होती.

गुरुवार, २२ फेब्रुवारी
स्तोत्रांचे सामर्थ्य वर्णनातीत आहे. ब्राइना लिफ्टपर्यंत काठीवाचून चालली. सायंकाळी शेवयांचा निम्मा कुगेल एकटीने संपविला. नंतर गळक्या नळाकडे पाहून डोळ्यांत पाणी येईतो हसली. "झेलिग, ऐक, ऐक! हा अगदी तुझ्यासारखा बोलतो. थांबतच नाही!" आत्मिक आनंदाची ही लक्षणे ग्रंथांत वर्णिलेली आहेत. राइसाबाईही हल्ली स्तोत्रे ऐकायला येतात आणि रुमालात तोंड लपवितात. कठोर हृदयेही द्रवतात.

गोळीची निकड आता उरली नाही. परंतु अभ्यास अर्धवट सोडणे पाप होय.

रविवार, ३ मार्च
मंगळवारी रहिवाशांची वार्षिक सभा. वृद्धांसाठीची ही इमारत केंद्र सरकारच्या अनुदानावर चालते. त्यामुळे वरच्या कार्यालयातील अधिकारी स्वतः येणार आहेत. केंद्राच्या मताचा उलगडा त्यांच्याच मुखातून करून घेईन. सावधगिरी म्हणून आमची प्राचीन पद्धत वापरणार: प्रश्न मांडताना खरी माणसे घ्यायची नाहीत, रूवेन आणि लेआ अशी कल्पित नावे घ्यायची. या पडद्याआड शतकानुशतके कोणाचेही नाव उघडे पडलेले नाही.

मंगळवार, ५ मार्च
सभा गाजविली.

अधिकारी मिस्टर व्हँडरलान यांनी विचारले, कोणाला काही शंका? मी उभा राहिलो. म्हटले, समजा, रूवेन नावाचा एक विद्वान आहे. त्याची पत्नी लेआ हिचे तळपाय जळतात. रूवेनने तिला गांज्याची गोळी घेऊ दिली नाही. केवळ स्तोत्रे म्हटली. आणि आता लेआ गाढ झोपते, संध्याकाळ झाली की तिला विलक्षण भूक लागते आणि ती नळाला हसते. तर मग गोळीची आवश्यकता कोणत्याच सरकारला का वाटावी?

सभागृहात हास्याची लाट उसळली. मुद्दा पोहोचला. अधिकाऱ्यांच्या मागे उभ्या असलेल्या आमच्या व्यवस्थापिका मिसेस कोलक्विट एकसारखी आडवी मान हलवीत होत्या, आखडली असावी.

मिस्टर व्हँडरलान यांनी विचारले, "या लेआबाई इथंच राहतात का?"
मी म्हटले, युक्तिवादापुरत्या, तिसऱ्या मजल्यावर.
त्यांनी लिहून घेतले. माझा प्रश्न कोणी प्रथमच लिहून घेतला. ब्राइना मध्येच उठून गेली.

गुरुवार, ७ मार्च
तपासणी झाली. बटणांच्या डब्यात बटणे नव्हती.

मिसेस कोलक्विट देवभीरू बाई आहेत, दर रविवारी चर्चमध्ये गातात. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मिस्टर ऑर्बाख, या मजल्यावर मला काहीच दिसत नव्हतं. देवाशप्पथ, न बघायला किती कष्ट घेतले होते मी! आणि तुम्ही भर सभेत गाऊन दाखवलंत."

मी ब्राइनाकडे पाहिले. ती म्हणाली, "स्तोत्रंपण चांगली होती, झेलिग."

मंगळवार, १२ मार्च
कार्यालयात सुनावणी. मी तीनही सरकारांच्या मतांचा समन्वय सविस्तर मांडला. इतका निर्दोष युक्तिवाद मी वर्गातही केला नव्हता. मिसेस कोलक्विट यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "दोन सरकारं तुमच्या बाजूची आहेत, मान्य. पण तुमचं भाडं तिसरं भरतं."

यापुढे घरात गोळी आणणार नाही अशी सही करावी. पुन्हा सापडली तर घर सोडावे. माझा शेवटचा मुद्दा बाकी होता. तेवढ्यात ब्राइनाने सही केली.

गुरुवार, १४ मार्च
स्तोत्रे म्हटली. आरंभापासून पुन्हा म्हटली. ब्राइना पाय बाहेर काढून पडली होती. झोपल्याचे सोंग आता करीत नाही.

रविवार, १७ मार्च, दुपारी
कायदा पूर्ण समजला.

प्राणाचा प्रश्न असेल तर नियम बाजूला ठेवावा, असे शास्त्रच सांगते. हे वचन मला प्रथमच आठवले असे नव्हे. प्रथमच ऐकू आले. मोठा रस्ता ओलांडून पलीकडच्या दुकानातून पाकीट आणले. कोशेर. ब्राइना खाली बसथांब्यावर येऊन बसली. पाकीट घेऊन मला वर जाऊ देईना. म्हणाली, "मी सही केलीय. या वयात तुला रस्त्यावर बसलेलं बघायचं नाहीये मला."

तेव्हा अन्य जागांचा विचार केला. बाळगण्यास राज्याची हरकत नाही. मात्र सार्वजनिक जागी खाता येत नाही. म्हणजे थांबा, बाग, बस, सर्व बाद. दुकानात खाता येत नाही. राइसाबाईंचे घर याच इमारतीत. प्रार्थनामंदिरात शाळा भरते. रब्बी हालपर्न यांच्या घरी लहान मुले. ब्राइना म्हणाली, "आणि रोज रात्री कुणाच्या दारात जाऊन उभी राहू?"

म्हणजे ही गोळी विकत घेता येते, जवळ ठेवता येते, तिला कोणी हिरावून घेऊ शकत नाही. आमच्यासारख्यांनी ती खावी अशी जागा तेवढी नाही.

मी म्हटले, खा. कोणी पाहत नाही. माझ्या तोंडून हे शब्द निघाले. तिने गोळी तळहातावर घेतली आणि बराच वेळ नुसती पाहिली.

बस आली. चालकाने दार उघडले. "कुठं जायचंय, आजोबा?"

ब्राइना म्हणाली, "कुठं नाही रे बाळा. नुसते बसलोय."

दार मिटले. तिने गोळी पाकिटात ठेवली, पाकीट माझ्या कोटाच्या खिशात घातले आणि म्हणाली, "जा, दुकानवाले परत घेतात का विचारून ये."

घेत नाहीत. तसा नियम आहे. हा मात्र मला एकाच वाचनात समजला.