फरशी, बादली आणि अप्पांचे हात

संतपूर, ता. औराद
९ जानेवारी २०२५

तीर्थस्वरूप पंचशीला आत्यांस,
राजश्रीचा सविनय जयभीम. वि. वि.

तुमच्या कानांनी फोनशी फारकत घेतल्यापासून पोस्टमन हाच आपला फोन झाला आहे. मला तो अधिक आवडतो. त्याच्यासमोर माझी जीभ अडखळत नाही.

इकडे तुरीची रास झाली. दिवाळीनंतर अंगणात नवी फरशी बसवली, आणि तिला धूळ लागू नये म्हणून आई माणसांबरोबर गाडीचेही पाय धुतल्याशिवाय आत घेत नाही. अप्पा बीदरहून आले की फाटकातच चाकांवर बादल्या रित्या होतात. तुम्हांला हसू येईल, पण नियम म्हणजे नियम.

आता काळजीचे. अलीकडे ब्रेक दाबला की गाडी थरथरते. सरळ रस्त्यावर वेगात असतानाही ती शांत असते. जी धावताना स्थिर, ती थांबतानाच का कापावी, या प्रश्नाने माझे वाचनातले लक्ष उडाले आहे. अप्पांना विचारले, तर ते गाडीकडे नव्हे, स्वतःच्या हातांकडे पाहतात. मेस्त्रीकडे जायला तयार नाहीत. गाडी विकतो म्हणतात. गावातल्या आजाऱ्यांना बीदरच्या दवाखान्यात पोचवण्यावरच आपले घर चालते, हे तुम्ही जाणता. त्यांना उलगडून कसे विचारावे, मला सुचत नाही.

तुमच्या मायेची सावली अशीच लाभावी.
तुमची भाची,
राजश्री


बसवकल्याण
१८ जानेवारी २०२५

चि. राजश्रीस,
आत्याचे पोटभर आशीर्वाद.

पत्राच्या आधी मी पाकीट वाचलं. दर बारीला माझा पत्ता तुझ्या अप्पाच्या, भीमराजच्या अक्षरात असतो, या बारीला तुझ्या. त्यानं कामून न्हाई लिहिला?

तुला आठवायचं न्हाई, पण तुझ्या आजोबांचे हात शेवटी शेवटी लई कापायचे. कप त्यांच्या हातात दिला की चहा बशीत, बशीतला धोतरावर. भीमराजच त्यांना चहा पाजायचा. मला वाटायलंय, आता आपली बारी आली असं त्यानं मनात धरलंय. तो लहानपणापासून असाच. आधी भिणार, मग गप बसणार.

म्हणून गाडी कापायली का माणूस, हे आधी बघ. तुझ्याकडं लायसन हाय की. का त्यालाही पुस्तकावानी कव्हर घालून कपाटात ठेवलीस? तू बस स्टेरिंगवर, त्याला बाजूला बसव. तुझ्या हातात कापली तर भीमराज सुटला. न्हाई कापली तर मला कळव, आपण त्याला कलबुर्गीच्या डॉक्टरकडं नेऊ. वर्गात तू कधी हात वर केला न्हाईस, ठाव हाय मला. पण पहिला नंबर तुझाच यायचा.

शोभावहिनीला म्हणावं, तुझ्या फरशीवर मी पाय धुऊनच येईन.
आठवण ठेव, आणि जेवत जा.
तुझी आत्या


संतपूर
२ फेब्रुवारी २०२५

तीर्थस्वरूप आत्यांस,
सविनय जयभीम. वि. वि.

पाकिटावरून तुम्ही जे ओळखले, तेच खरे निघाले. मी अप्पांना उलगडून विचारले. ते म्हणाले की दिवाळीनंतर स्टेरिंग हातात कापू लागले, आणि कापतात ते आपलेच हात, अशी त्यांची खात्री झाली; एखाद्या आजाऱ्याला खड्ड्यात घालण्याआधी आपणच थांबावे. तेव्हापासून त्यांनी पेनसुद्धा धरले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी औरादच्या रस्त्यावर मी गाडी घेतली. वेग आला तरी सारे शांत होते. ब्रेक दाबला, आणि स्टेरिंग माझ्या हातांत थरथरले. पायाखालचा ब्रेकही पाय उलटा ढकलू लागला. मी अप्पांकडे पाहिले. त्यांचे हात मांडीवर निवांत होते. त्यांनीही ते पाहिले, आणि मला पुन्हा ब्रेक दाबायला सांगितले. मग पुन्हा. तुरीच्या रानातून राघोबाकाकांनी ओरडून विचारले की पोरगी गाडी शिकायली का रस्ता मोजायली. एरवी मी लाजेने मेले असते. त्या दिवशी अप्पांना आणखी एकदा हवे होते.

बीदरला बंडेप्पा मेस्त्रींनी पुढचे चाक काढले. ब्रेक ज्या लोखंडी चकतीला चिमटतो, तिच्याजवळ स्क्रूड्रायव्हरचे टोक धरून त्यांनी ती फिरवली. टोक एका जागी घासे, दुसऱ्या जागी सुटे. चकती वाकली होती. ब्रेक लावून तापलेल्या लोखंडावर गार पाणी पडले की असे होते, असे सांगून त्यांनी आम्ही रोज कोणता ओढा ओलांडतो ते विचारले. आमच्या वाटेवर ओढाच नाही. नव्या चकत्या बसल्या, थरथर गेली, परंतु तो ओढा माझ्या डोक्यातून जाईना.

घरी परतलो, तर फाटकात आईने बादली उचलली, आणि मला रोजचा तो चर्र आवाज आठवला. आजवर मी तो अप्पा घरी आल्याचा आवाज समजत होते. मी तिचा हात धरला. दमून आलेल्याला पाणी द्यायचे नाही, ही कुठली रीत शिकून आलीस, असे तिने विचारले. शेवटी तह झाला: गाडीने आधी बाहेर लिंबाखाली विसावायचे, अप्पांचे जेवण झाले की मग तिचे पाय धुवायचे.

विकण्याचा विषय अप्पांनी पुन्हा काढलेला नाही. उद्या नागव्वाआजींना दवाखान्यात न्यायचे आहे. पाकिटावर मी काहीच लिहिलेले नाही. ते पेनासह त्यांच्यापुढे ठेवते आहे.

लोभात उणे पडू देऊ नये.
तुमची,
राजश्री


बसवकल्याण
११ फेब्रुवारी २०२५

चि. राजश्रीस,
अनेक आशीर्वाद.

पाकीट मिळालं. खिडकीपाशी नेऊन, चष्मा पुसून बघितलं. अक्षर त्याचंच हाय. ‘कल्याण’मधला ण जरा कलंडलाय. त्यानं विचारलंच तर त्याला सांग, चौथीतही तो तसाच कलंडायचा. मास्तरांनी पट्टी मारली तरी सरळ झाला न्हाई.

सगळ्यांनी मिळून या. गाडी दाराबाहेर सावलीत उभी करा. तिला पाणी मी उशिरा देईन, तुम्हांला लगेच.
तुझी आत्या