फ्रीजातले कांदे

धैर्यशीलदादा,

मोठा हायस म्हणून नमस्कार.

हॉलंडात मी बरी हाय. आईचा गुडघा कसा हाय?

मी पाठवलेल्या पांढऱ्या ट्यूलिपच्या कंदांना लावायच्या आधी थंडी लागते, म्हणून आईनं ते फ्रीजात ठेवलेले. "फ्रीजात कांदं कोण ठेवतंय?" म्हणत तू ते उकिरड्यावर फेकलेस. वहिनीनं सांगितलं मला.

मला वाईट वाटू नये म्हणून आईनं कुंडीत गुलछडी लावली आणि फोटो धाडला, "बघ, तुझी फुलं आली." गुलछडी मला वळखू येत न्हाय व्हय? तरी मी "लई भारी" म्हटलं. तिला यातलं काही बोलू नकोस.

तो फ्रीज मीच घेतलेला की रे. त्यात माझ्या मूठभर कांद्यांना जागा झाली न्हाय.

मे महिन्यात येतीया. मला कुठं ठेवणार हायस?

तुझीच म्हणायची,
क्रांती